औषधांवर सूट मिळायला इतकी वर्षं का लागली?

आज मेडिकलवाल्याने ‘१० टक्के सूट’ असा बोर्ड लावला तर आपल्याला विशेष वाटत नाही. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी असा बोर्ड क्वचितच दिसायचा. छापलेली किंमत हीच किंमत. का? दुकानदार लोभी होते म्हणून? मला तसं वाटत नाही.

१९९० पासून पाकीटबंद मालावर एमआरपी छापणं आलं. एमआरपी म्हणजे कमाल किंमत. त्याहून कमी घ्यायला कायद्याची कधीच आडकाठी नव्हती. किराण्यात शेजारचा दोन रुपये कमी घेतो म्हणून पहिलाही उतरतो. मग औषधांत हे का झालं नाही?

कारण तिथे दोन फाटकं होती. पहिलं कायद्याचं : परवाना, नोंदणीकृत फार्मासिस्ट, किमान १० चौरस मीटर जागा. हे हवंच, ते आपल्या जिवासाठी आहे. दुसरं फाटक कुठल्याच कायद्यात नव्हतं. कंपनीला नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर आधी केमिस्ट संघटनेची एनओसी आणा. न आणता नेमला तर मालावर बहिष्काराची भीती. नवं औषध बाजारात आणायचं तर संघटनेच्या पत्रकात माहिती छापायचे पैसे भरा. किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर सरकारनेच घाऊक ८ आणि किरकोळ १६ टक्के मार्जिन ठरवलं होतं. बाकीच्या औषधांवर १० आणि २० टक्के हा दर व्यापारात रूढ झाला.

आता गंमत बघा. माल कोणाला मिळणार हे ज्याच्या हातात, त्याला किमती वेगळ्या ठरवाव्या लागत नाहीत. स्वस्तात विकणाऱ्याला आतच येऊ दिलं नाही की झालं. आत असलेल्यालाही पुरवठा तुटायची धास्ती, मग सूट देतो कोण?

हे फाटक हललं ते गोव्यातून. वारका गावच्या एका औषध विक्रेत्याने तक्रार केली. स्पर्धा कायद्यातली संगनमतविरोधी कलमं मे २००९ मध्ये लागू झाली होती. जून २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने गोव्याच्या संघटनेविरुद्ध निकाल देऊन २ लाखांचा दंड केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेला सुमारे ४७ लाखांचा. पुढे आयोगाने स्पष्ट केलं की एनओसीची गरज नाही, पत्रकाचे पैसे ऐच्छिक आहेत आणि ग्राहकाला सूट देता येते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठी अॅप्स भांडवलाच्या जोरावर सूट देतात, तेव्हा गावातला एकटा केमिस्ट घाबरतो. रात्री बारा वाजता शटर उघडून गोळ्या देणारा तोच असतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये देशभर दुकानं बंद राहिली, त्यामागे ही भीतीही होती. ती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय म्हणून नव्या माणसाचा रस्ता अडवला, तर किंमत पेशंट मोजतो. आणि पेशंट हे असं गिऱ्हाईक आहे, की जे ‘उद्या घेतो’ म्हणू शकत नाही, ब्रँडही स्वतः निवडत नाही.

म्हणून कुठल्याही धंद्यात नवा नियम आला की मी एकच गोष्ट बघतो. हे फाटक गिऱ्हाइकाच्या सुरक्षेसाठी आहे, की आतल्यांच्या? औषधं असोत, रिक्षा परमिट असो की भाजी मार्केटचा गाळा, तुम्हीही बघा. आणि पुढच्या वेळी मेडिकलमध्ये बिल करताना बिनधास्त विचारा, “किती कमी कराल?” त्यात लाजण्यासारखं काही नाही.