खरखरीतून सापडलेला जीव

रेडिओचा काटा फिरवताना दोन केंद्रांच्या मध्ये खरखर ऐकू येते. ती कोणी कान देऊन ऐकत नाही. श्रोतेहो, आज ज्या जिवाची हकीकत सांगायची आहे, तो अशाच एका खरखरीत दडून बसला होता.

समुद्रात पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या जीवसृष्टीला प्लवक म्हणतात. ‘प्लँक्टन’ हे तिचे नाव जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ साली रूढ केले. प्लवक धरायचे ते बारीक विणीच्या रेशमी जाळीने. पण गव्हाच्या चाळणीत मैदा कसा राहावा? जाळीतून निसटले ते हिशेबातूनही निसटले. १९७९ साली जॉन वॉटरबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निळ्या प्रकाशात नारिंगी चमकणारे सिनेकोकॉकस नावाचे सूक्ष्म जिवाणू समुद्रात मुबलक आढळले, तेव्हा ही चूक उमगू लागली.

हेच जिवाणू मोजण्यासाठी रॉबर्ट ओल्सन आणि सॅली चिझम या अमेरिकन संशोधकांनी १९८५ साली एक यंत्र जहाजावर नेले. मूळचे हे यंत्र रक्तातल्या पेशी तपासायचे. त्यात पाण्याची बारीक धार लेझर किरणासमोरून जाते आणि एकेक पेशी लुकलुकली की तिची नोंद होते. नोंदींच्या अगदी कडेला, यंत्राच्या खरखरीला लागूनच, फिकट तांबूस ठिपक्यांचा पुंजका दिसे. यंत्राचाच दोष असेल, असे प्रथम वाटले. पण पाणी जसजसे खोलावरचे घ्यावे, तसतसे ठिपके अधिक ठळक होत. आता यंत्राच्या खरखरीला समुद्राची खोली कशी कळणार हो? मला विचाराल तर खरा शोध इथेच लागला. खोल अंधूक पाण्यात जगण्यासाठी पेशीत हरितद्रव्य जास्त लागते, म्हणून ती अधिक चमकत होती.

त्याआधीही काहींना या जिवाची चाहूल लागली होती. १९७९ साली तशा पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसल्या होत्या, आणि १९८३ साली डच संशोधकांना समुद्राच्या पाण्यात एक अनोळखी हरितद्रव्य सापडले होते. आंधळ्यांच्या हत्तीसारखीच गत ती!

१९८८ साली शोध प्रसिद्ध झाला. पण याला बसवायचे कोणत्या पंगतीत? याच्याजवळ वनस्पतींसारखे ‘ब’ जातीचे हरितद्रव्य होते. तसाच एक हिरवा जिवाणू, प्रोक्लोरॉन, आधी माहीत होता आणि त्याच्यासाठी राल्फ लेविन यांनी १९७६ साली वेगळा विभागच सुचवला होता. हे वनस्पतींच्या हरितकणांचे पूर्वज असावेत असा कयास होता. नवा जीवही त्यांतच गेला. १९९२ साली त्याचे बारसे झाले, प्रोक्लोरोकॉकस मरिनस. अर्थ असा की, हिरव्याच्या आधीचा, समुद्रातला गोल दाणा. गंमत अशी, की त्याच वर्षी जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि हे कूळ मोडीत निघाले. प्रोक्लोरॉन त्याचा जवळचा नातलग नव्हे, हरितकणांचा पूर्वजही हा नव्हे. सख्खा भाऊबंद ठरला तो नारिंगी चमकणारा सिनेकोकॉकस! रंगावरून जात ठरवली की असे होते. नाव मात्र तसेच राहिले.

एका मिलिमीटरच्या रेघेवर हे दीड हजार सहज बसतील. उष्ण कटिबंधातल्या निळ्या पाण्याच्या चहाच्या एका चमच्यात पाच-पाच लाख भरतात. प्रकाशावर अन्न तयार करणारा एवढा लहान आणि संख्येने एवढा मोठा दुसरा जीव माहीत नाही. आपल्या अरबी समुद्रातही १९९५ सालच्या सफरींत त्याची मोजणी झाली. किनाऱ्यालगतच्या सकस पाण्यात तो थोडा, पण दूरच्या नितळ, नापीक पाण्यात भरपूर असतो.