अर्थशास्त्राच्या अर्जात वाचनाबद्दल काय लिहावे?

ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी यूकासवर अर्ज करताना स्वतःविषयीचे निवेदन ४,००० कॅरेक्टरमध्ये बसवावे लागते. त्यात पुस्तकांची यादी देऊन भागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या विद्यार्थ्यांना आम्ही सुचवू: एकच वाचन घ्या, त्यातला एक मुद्दा आपल्या परिसराशी ताडून पाहा.

उदाहरणार्थ, सच्चर समितीचा २००६ चा अहवाल. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगार जास्त, पण बँकेच्या कर्जातला वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी, असे तो सांगतो. मग उल्हासनगरात जीन्स शिवणारा छोटा कारखानदार भांडवल कुठून आणतो? बँकेतून, नातेवाइकांकडून की कापडवाल्याच्या उधारीवर? जाऊन विचारा. अहवालाशी काय जुळले, काय नाही, ते लिहा.

न वाचलेल्या पुस्तकाचे नाव मात्र टाकू नका. मुलाखतीत त्यावरच प्रश्न आला, तर पंचाईत होईल.