परिचारिकेची सनद

अंथरुणाला खिळलेल्या आपल्या माणसापाशी रात्र काढावयास जी बाई आणावयाची, तिला ते काम येते की नाही हे घरच्या मंडळींनी ओळखावे कसे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत हा प्रश्न सोपा नव्हता. अंगावर गणवेश चढविला की कोणाही बाईस स्वतःला परिचारिका म्हणविता येई. इस्पितळात तीन वर्षे राबलेली आणि तीन आठवड्यांत परतलेली, दोघींना नाव एकच. डॉक्टरांची नोंदणी मात्र 1858 च्या कायद्याने होऊ लागली होती.

ही उणीव एथेल मॅन्सन यांना डाचत होती. वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी, 1881 साली, त्या लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. 1887 साली डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी विवाह करून त्यांनी ते पद सोडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन ही संस्था उभारली. मागणी स्पष्ट होती: तीन वर्षांचे शिक्षण, सर्वांस एकच कसोटी, आणि तीत उतरलेल्यांचीच नावे पटावर.

या मागणीच्या आड आल्या त्या खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल! ऐकून नवल वाटते. पण बाईंचा आक्षेप पोरकट नव्हता. नाडी मोजण्याची रीत उत्तरपत्रिकेत लिहिता येईल. परंतु रोग्याच्या चिडचिडीपुढे न ढळणारी शांती, कोणी पाहत नसताना पाळलेली स्वच्छता, यांस गुण द्यावयाचे कोणी? शिवाय पटावर एकदा चढलेले नाव, काम बिघडले तरी, तसेच राहणार. ज्याने जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्याला तरी हा आक्षेप सहज झटकून टाकता यावयाचा नाही. मात्र त्यात एक खोट होती. मेट्रनची शिफारस तिला ओळखणाऱ्यांपुरती. परगावच्या रोग्यास तिचा काय उपयोग? फेनविकबाईंची बाजूही अगदी निर्दोष होती असे नव्हे. लांबलचक शिक्षणाची अट गरिबाघरच्या मुलींना दाराबाहेरच ठेवील, हे भय रास्त होते.

वाद तीस वर्षांवर चालला. 1905 साली पार्लमेंटच्या समितीने नोंदणीस अनुकूल मत दिले, तरी कायदा होईना. तिकडे दूरच्या न्यूझीलंडने 1901 सालीच कायदा करून टाकला, आणि 1902 च्या जानेवारीत एलन डॉहर्टी यांचे नाव तेथील पटावर पहिले चढले. इंग्लंडला मात्र पहिले महायुद्ध व्हावे लागले. जखमींच्या शुश्रूषेस धावलेल्या असंख्य स्वयंसेविकांमुळे शिकलेली कोण आणि हौशी कोण, हा प्रश्न टाळता येईना. डिसेंबर 1919 मध्ये कायदा झाला. नाइटिंगेलबाई 1910 सालीच निवर्तल्या होत्या. 1921 साली पट उघडला. त्यात क्रमांक 1 फेनविकबाईंचा. दैवगती अशी, की कौन्सिलच्या पहिल्याच निवडणुकीत परिचारिकांनी त्यांना निवडून दिले नाही! जुन्या परिचारिका अनुभवाच्या बळावर पटावर आल्या. नव्यांसाठी सरकारी परीक्षा 1925 साली सुरू झाली.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने 1903 साली हीच वाट धरली, आणि पाठोपाठ इतर राज्यांनी. तेथे राज्याराज्यांचे प्रश्न निराळे असत. 1944 पासून सामाईक प्रश्नसंग्रह आला, आणि 1994 पासून परीक्षा संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण, चुकले की सोपा. उमेदवार पात्रतेच्या रेषेच्या वर आहे की खाली हे 95 टक्के खात्रीने ठरले, की यंत्र थांबते. 2023 च्या एप्रिलपासून रोग्याची सारी हकीकत पुढे ठेवून ‘आता आधी काय कराल?’ अशा धर्तीचे प्रश्न तीत वाढविले आहेत; नाइटिंगेलबाईंच्या आक्षेपाकडे एक पाऊल, फार तर. प्रश्न कमीत कमी 85, जास्तीत जास्त 150. वेळ पाच तास. गुण उमेदवारास कळवीत नाहीत. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, एवढेच सांगतात.