सुपरमॅनच्या चड्डीची नाडी

मालेगाव खान्देशात धरायचं की नाही, या प्रश्नावर आमच्या धुळ्यात चहाच्या दोन फेऱ्या सहज होतात. सरकारी कागद म्हणतो, नाही, ते नाशिक जिल्ह्यात. पण नाशिक जिल्हाच मुळी १८६९ साली झाला, तोवर मालेगाव खान्देशातच होतं. पुढे १९०६ मध्ये उरलेल्या खान्देशाचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडले. पूर्वेचा कारभार जळगावहून, पश्चिमेचा धुळ्याहून. हे झालं कागदावरचं. धुळ्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला आग्रा रोडवर पहिलं मोठं गाव लागतं ते मालेगावच. रात्रीची एस.टी. तिथे थांबली की कुठूनतरी मागांची खटखट ऐकू यायची. तरुणपणी कितीतरी वेळा ती मी अर्धवट झोपेत ऐकली आहे.

त्या गावातल्या काही मित्रांनी मुंबईची स्वप्नं पाहिली, गावातच राहून सिनेमे काढले, आणि शेवटी मुंबईनंच त्यांच्यावर सिनेमा काढला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरांत आला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो घरी बसून पाहिला असेल. तो आवडला तर उत्तमच, पण त्यामागची खरी गोष्ट जास्त मजेची आहे, आणि जास्त लागणारीही.

आधी थोडं आमच्या वेळच्या मुंबईबद्दल. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त चालला. आमच्याकडे सिनेमे उशिरा यायचे, त्यामुळे तोवर मुंबईला जाऊन आलेला प्रत्येक जण सांगायचा की जयनं उडवलेलं नाणं पडतं तेव्हा आवाज आपल्या खुर्चीखालून येतो आणि लोक वाकून नाणं शोधतात! सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मिनर्व्हा बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नसणार. पण आम्ही ऐकायचो. मुंबई आमच्यापर्यंत अशी ऐकीवच यायची.

प्रत्यक्ष जाण्यातही फरक होता बरं का. जळगाव मेन लाइनवर, त्यामुळे जळगावकरांची ऐट वेगळी. सव्वाचारशे किलोमीटर, पण एकदा गाडीत बसलं की थेट व्ही.टी. धुळ्याला १९०० साली रेल्वे आली ती चाळीसगावहून फुटलेला फाटा म्हणून. म्हणजे आधी पॅसेंजरनं चाळीसगाव गाठा, मग पुढची गाडी पाहा. मालेगावच्या नशिबी तेवढंही नाही. तिथे रेल्वेच नाही. मनमाड गाठायचं किंवा एस.टी. धरायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॅट्रिकला नापास झालेलं प्रत्येक पोरगं पारावर बसून ‘मुंबईले जासू’ म्हणायचं. जायचे थोडेच. गेलेल्यांपैकी काही गिरणीत लागले, काही वडापावच्या गाडीवर, आणि सुट्टीत गावी आले की गॉगल घालून फिरायचे.

१९८० नंतर व्हिडिओ आला आणि चित्र बदललं. गणपतीत, लग्नात एका रात्रीसाठी व्हीसीआर, टीव्ही आणि तीन कॅसेट भाड्यानं आणायच्या आणि पहाटेपर्यंत बघायच्या. गावोगावी व्हिडिओ पार्लर निघाली. मालेगावात ती जोरात चालली, त्याला कारण तिथली माणसं. १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं येऊन इथे वसली. हातमाग जाऊन यंत्रमाग आले. मागावरच्या कामगाराला सुट्टी शुक्रवारी. सहा दिवस कानठळ्या बसवणारी खटखट आणि नाकातोंडात कापसाचे तंतू, आणि सातव्या दिवशी सिनेमा. शुक्रवारच्या त्या गर्दीबद्दल नाकं मुरडणारे मी पाहिले आहेत. त्यांनी एक दिवस माग चालवून बघावा.

असंच एक पार्लर चालवणारा तरुण म्हणजे नासीर शेख. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली असले इंग्रजी सिनेमे तो आणायचा आणि प्रेक्षकाला कंटाळा येईल तो भाग गाळून, दुसरीकडचा मजेचा भाग जोडून दाखवायचा. साधन काय, तर दोन व्हीसीआर एकमेकांना जोडलेले. संकलनाचं त्याचं शिक्षण झालं ते इथे. पुढे लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा हाती आला आणि मित्रांना गोळा करून त्यानं २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च म्हणे ५० हजारांच्या आसपास. मूळ शोलेचा खर्च कोटींत होता, हे सांगायला नकोच.

आता ती रेल्वेची गोष्ट. शोलेत डाकू घोड्यांवरून आगगाडीचा पाठलाग करतात. मालेगावात आगगाडी नाही आणि घोडे परवडत नाहीत. म्हणून यांच्या शोलेत बस आली, आणि डाकू आले सायकलींवर! गब्बरचा झाला रब्बर सिंग, बसंतीची झाली बासमती. कॅमेरा सरकवायला सायकल, वर उचलायला बैलगाडी. सिनेमा व्हिडिओ हॉलमध्ये दोन महिने चालला.

लोक हसले, पण कशाला हसले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शहरातला माणूस हा सिनेमा बघून हसतो तेव्हा नकलेला हसतो. किती ओबडधोबड, किती भाबडं, म्हणून. मालेगावचा माणूस हसत होता ते वेगळ्या कारणानं. तो रस्ता त्याचा होता, सायकल त्याच्या शेजाऱ्याची होती, आणि पडद्यावरची भाषाही त्याचीच होती. हिंदी-मराठी सिनेमात खान्देशी हेल कानावर आला की समजायचं, आता नोकर किंवा बावळट पाहुणा आला. इथे तोच हेल हिरोच्या तोंडी. हे हसू निराळं आहे आणि त्याची चव आपल्याला कळायला हवी, कारण जळगाव-धुळ्याच्या माणसानंही पुण्यात तोंड उघडल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर उमटलेलं ते दुसरं हसू कधीतरी पाहिलेलं असतं.

या मित्रांचा पुढचा उद्योग सुपरमॅन. त्यावर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, २००८ साली. मिळाला तर जरूर बघा. तासाभराचा आहे. सुपरमॅन झाला शफीक, यंत्रमागावरचा कामगार, अंगानं काडी. त्याच्या निळ्या कपड्यांवर लाल चड्डी, आणि चड्डीला बाहेर लोंबणारी नाडी! हा सुपरमॅन गावची धूळ सोसत नाही, त्याला दमा होतो. आकाशात उडायचा प्रसंग घेण्यासाठी ट्रकला हिरवं कापड लावलं आणि शफीकला आडवा धरला. शूटिंग चालू असताना कॅमेरा पाण्यात पडला, मग तो दुरुस्त होईपर्यंत सगळे हात चोळत बसले. हिरोचं लग्न ठरलं, म्हणून आणखी काही दिवस काम बंद.

हिरव्या कापडाची ती करामत पाहताना मला चाळीसगावचे केकी मूस आठवले. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस, विलायतेत शिकून आलेला, चाळीसगाव स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि १९८९ मध्ये तिथेच गेला. रोज रात्री मुंबईहून येणाऱ्या मेलची तो वाट पाहायचा, एका मुलीनं येईन म्हणून शब्द दिला होता, असं चाळीसगावात सांगतात. त्याची टेबल टॉप फोटोग्राफी प्रसिद्ध आहे. टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून त्यानं आख्खे देखावे उभे केले. मूस मोठे कलावंत, आणि मालेगावची पोरं पार्लरवाली. ही तुलना काही जणांना खटकेल. खटकू दे. जग बघायला न जाता आपल्या आवारात जग उभं करायचं, ही विद्या आग्रा रोडला येण्याच्या आधी चाळीसगावला होती, एवढंच मला म्हणायचंय.

माहितीपटात मुंबईची ओढ लागलेले मित्रही भेटतात. लेखक आहे, खलनायकाचं काम करणारा आहे. मुंबई जेमतेम तीनशे किलोमीटरवर, पण त्यांच्या बोलण्यात ती चंद्रावर असल्यासारखी. नासीरला मात्र मुंबईत जाऊन शिकायचं होतं ते हिरव्या पडद्याचं तंत्र. शिकला आणि परत आला. कागतींच्या चित्रपटात लेखक फरोग मुंबईला जातो, दारोदार फिरतो. विनीतकुमार सिंग यांनी ते काम फार छान केलंय. तरी मला विचाराल तर मोठ्या चित्रपटात सगळं जरा इस्त्री केल्यासारखं आहे. मालेगावची धूळसुद्धा सुबक पडते. नाडी लोंबते ती माहितीपटातच.

आणि आता ती दुसरी बाजू. मालेगावच्या सुपरमॅनचा शत्रू कोण, तर गावभर घाण आणि तंबाखू पसरवणारा खलनायक. स्वप्न मुंबईचं, पण सिनेमात आलं ते गावातलं गटार, गावातली धूळ आणि गावातली पुडी. तो सुपरमॅन झालेला शफीक सप्टेंबर २०११ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेला. तरुणच होता. आजार बळावल्यावर त्याच्यासाठी गावात सिनेमाचा खास खेळ ठेवला होता, आणि त्यानं स्वतःला पडद्यावर उडताना पाहिलं. पुढच्या वर्षी, जून २०१२ मध्ये, माहितीपट थिएटरांत लागला. आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ३८ वर्षं वर्गाच्या खिडकीतून बाहेरच्या टपरीवर मुलं पाहिलेल्या बाईला त्या एका ओळीत आठवतात. बंदी आली, टपरी राहिली, पुडी टपरीच्या खाली गेली. माझ्या वर्गातला, गॅदरिंगमध्ये अमिताभची हुबेहूब नक्कल करणारा एक मुलगा पन्नाशीच्या आत याच आजारानं गेला. तोही पारावर ‘मुंबईले जासू’ म्हणायचा.

आणखी एक बोलायचं राहिलं, ते माझ्याखेरीज कुणी बोलणार नाही. या सगळ्या मित्रमंडळात मैत्रीण नाही. मालेगावच्या बायका या सिनेमांत काम करत नसत, नटी बाहेरगावाहून आणावी लागे. व्हिडिओ हॉलमध्ये बाकांवर बसलेलेही पुरुषच. गावातल्या मुलींनी मुंबईची काय स्वप्नं पाहिली, ते कुठल्याच कॅसेटवर नाही. माझ्या लहानपणी आमच्या धुळ्याच्या शाळेतही नाटकात बायकांची कामं मुलगेच करायचे, आणि आम्ही मुली पडद्यामागे त्यांना साड्या नेसवायचो. निऱ्या नीट आल्या नाहीत तर बोलणी आम्हालाच! तेव्हा मालेगावला नावं ठेवण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही, पण ती रिकामी जागा दिसत राहते खरी.

नासीरच्या मागून खान्देशी कॉमेडीचा पूर आला. बसस्टँडवर व्हीसीडी विकायला लागल्या, पुढे सगळं यूट्यूबवर गेलं. त्यातलं बरंचसं मला पाहवत नाही. नुसती आरडाओरड. पण अहिराणीला त्यातून वाट मिळाली, हे कबूल करायला हवं. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणं तर इतकं गाजलं की ज्यांना खान्देश नकाशावर दाखवता येणार नाही अशी मंडळी लग्नाच्या हॉलमध्ये त्यावर नाचली. ठाण्याच्या माझ्या भाचीनं फोन करून विचारलं, “मावशी, ते हाई म्हणजे इंग्रजीतलं हाय का गं?”

म्हटलं, “नाही गं बाई, हाई म्हणजे ही.”