गर्भिणीचा प्रवास : दमणीपासून मोटारीपर्यंत

पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावयाचें, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. सातव्या महिन्याचें डोहाळेजेवण आटोपलें कीं माहेरचें माणूस न्यावयास येई आणि जड अंगानें लेकीला वाट कंठावी लागे. सोलापूरच्या बाजूस ही वाट दमणींतून किंवा छकड्यांतून चाले. तळाशीं कडबा, त्यावर गोधडी आणि गाडीवानास "बेतानें हाक" ही ताकीद, एवढीच काय ती सुरक्षिततेची सामग्री. पण बैलांची चाल ती केवढी! भय होतें तें हिसक्यांचें, आदळण्याचें नव्हतें. 1860 सालीं आगगाडी सोलापुरास पोंचली, 1 जून 1948 रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस्. टी.ची पहिली गाडी धांवली, आणि आतां तर पुणें-सोलापूर हमरस्त्यावर घरोघरच्या मोटारी धांवतात. वेग दुप्पट झाला कीं आघाताचा जोर चौपट होतो, हें गणित आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. घरांतील समजूत मात्र गोधडीचीच राहिली.

ती समजूत अशी, कीं पट्टा बांधला तर पोटांतील बाळ दबेल. सबब पोटुशीनें पट्टा लावूं नये, उशा घेऊन मागें स्वस्थ बसावें. यांतील माया खरी आहे. विचार मात्र उलटा आहे. गर्भाशय लवचिक असतें, वार तशी नसते. गाडी एकाएकीं थांबली कीं गर्भाशयाचा आकार क्षणमात्र बदलतो आणि वार त्याच्या भिंतीपासून सुटूं शकते. आईच्या अंगावर ओरखडाही नसतां बाळाचा प्राणवायु तुटतो, तो असा.

खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा स्वीडनमधील व्होल्वो कारखान्याचे अभियंते निल्स बोहलिन यांनीं 1959 सालीं सिद्ध केला. हे गृहस्थ पूर्वीं विमानांतील वैमानिकास बाहेर फेंकणाऱ्या आसनांवर काम करीत. कारखान्यानें या पट्ट्याचा स्वामित्वहक्क इतरांस खुला करून दिला. व्यापारांत असें औदार्य विरळाच. तथापि गर्भिणीचा प्रश्न निराळा होता. 1972 सालीं वॉरन क्रॉस्बी व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत गाभण बबून माकडिणींवर प्रयोग प्रसिद्ध केले. नुसत्या कमरपट्ट्यानें बांधलेल्यांपैकीं निम्म्यांचे गर्भ दगावले. खांद्याचा पट्टाही असलेल्यांत हें प्रमाण शेंकडा आठांच्या आसपास होतें. प्रयोग क्रूर खरा, पण वादाचा निकाल त्यानें बराच लावला. पुढें 2002 सालीं व्होल्वोनें 'लिंडा' नांवाची गर्भवतीची संगणकीय प्रतिमा तयार केली. तोंवर गाड्या आपटून पाहण्याचे पुतळे बहुतेक पुरुषी बांध्याचे असत, हें ऐकून घरांतील स्त्रीवर्ग हंसल्यास नवल नाहीं.

मागची बैठक निर्धोक, हाही भ्रमच. 4 सप्टेंबर 2022 रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. मागें बसलेले दोघे गेले. पुढचे दोघे वांचले. मागच्यांनीं पट्टे बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. वस्तुतः मागच्या बैठकीवरही पट्टा बांधावा, हें केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधींच लिहिलेलें होतें. आणि 2019 पासून पट्टा न बांधणारास एक हजार रुपये दंडही होता. आपण तो पुढच्या दोघांपुरता समजत आलों.

तेव्हां पट्टा बांधावयाचा, पण कसा, हें महत्त्वाचें. खालचा भाग पोटाच्या घेराखालीं, मांड्यांशीं, नितंबाच्या हाडांवर घट्ट बसावा; पोटावर कधींही नसावा. वरचा भाग खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनें उतरावा. स्वतः गाडी हाकणारीनें चक्र पोटापासून दहा इंच तरी दूर ठेवावें.

दुचाकीची गोष्ट दुःखाची. नियम 123 अन्वयें मागच्या चाकावर झांकण लागतें, तें पदर चाकांत अडकूं नये म्हणून. पण एका बाजूस पाय सोडून बसलेल्या गर्भिणीस धरून ठेवणारें त्यांत कांहींच नाहीं. दिवस भरत आल्यावर रिक्षा किंवा एस्. टी. पत्करावी, असें मी आमच्या आळींत सांगतों, ऐकणारे थोडे.

आणि धक्का किरकोळ वाटला, आई हंसतखेळत उतरली, तरी तिला त्याच दिवशीं प्रसूतितज्ज्ञाकडे न्यावें. बाळाच्या ठोक्यांवर निदान चार तास लक्ष ठेवावें लागतें. रक्तस्राव, पोट दगडासारखें ताठणें, बाळाची हालचाल मंदावणें, यांपैकीं एकही दिसलें तर घरच्या गाडीची वाट न पाहतां 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.