दोन हप्त्यांतली झोप

17व्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमध्ये एका खुनाच्या चौकशीत नऊ वर्षांच्या जेन रौथची जबानी झाली. पहिली झोप उरकून आई उठली, शेकोटीपाशी पाइप ओढत बसली. खिडकीशी दोन माणसं आली आणि आई त्यांच्याबरोबर गेली ती परतलीच नाही. अपरात्री उठण्याचा उल्लेख मात्र अगदी सहज येतो.

इतिहासकार रॉजर एकर्च यांना जुन्या कागदांत असे दाखले ढिगाने सापडले. 2001 साली त्यांनी मांडलं, की युरोपात लोक मध्यरात्रीच्या सुमारास तास-दोन तास जागत. प्रार्थना, गप्पा, विस्तव सारणं, कुणाची चोरीमारीही! मग दुसरी झोप. 1807 मध्ये लंडनच्या पॉल मॉलवर गॅसचे दिवे लागले. पुढे रात्री उजळत गेल्या, कारखान्यांच्या वेळा आल्या आणि ही रीत मागे पडली.

झोपेचे संशोधक थॉमस वेअर यांनी एका प्रयोगात तरुणांना महिनाभर रोज 14 तास अंधारात ठेवलं, तेव्हा त्यांचीही झोप दुभंगली.

तरी ही जगाची रीत म्हणणं धाडसाचं. टांझानियातले हाडझा आणि बोलिव्हियातले चिमाने या विजेविना राहणाऱ्या जमातींचे लोक बहुधा एकसलग झोपतात, असं 2015 च्या अभ्यासात दिसलं.

उतारवयात गाढ झोप घटते, शरीराचं घड्याळही अलीकडे सरकतं. तीन वाजता छताकडे बघत पडलेल्या आजोबांना जेनची आई परकी वाटू नये. 1972 मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी निद्रानाशावर सांगितलेला उपायही तिच्याच वळणाचा: झोप येत नसेल तर अंथरूण सोडा, डोळे जडावले की परत या.