परवच्यापासून पडद्यापर्यंत : सांघिक उजळणीचा एक मागोवा

चौथीत असताना पावकीच्या वेळी मी नुसते ओठ हलवत असे. वर्गाच्या एकसुरी गजरात माझा आवाज नाही, हे गुरुजींना कधी कळले नाही. आणि मलाही पावकी कधी आली नाही. पुढे आयुष्य आडतीच्या दुकानात हिशेब लिहिण्यात गेले, पण पाव-पाऊण आला की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. त्या न आलेल्या पावकीनेच मला या शोधाला लावले, असे म्हटले तरी चालेल.

उजळणे म्हणजे घासून लख्ख करणे. तांब्याचे भांडे वापरात असले तरी काळवंडते, तसेच शिकलेलेही. म्हणून शाळेत 'उजळणी' आली, आणि अंक-पाढ्यांच्या छोट्या पुस्तकालाही तेच नाव पडले. जुन्या पंतोजींच्या शाळेत आजच्यासारखे वर्ग नसत. धुळपाटीवर अक्षर गिरवणारा आणि मोडी खर्डा लिहिणारा एकाच ओसरीत बसे. थोरला मुलगा धाकट्याला सांगे. संध्याकाळी परवचा होई : एक मुलगा पुढे होऊन म्हणे, बाकीचे त्याच्यामागून. पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. कागद महाग आणि छापील पुस्तक दुर्मीळ असलेल्या काळात गावाचा बाजारहिशेब या सामुदायिक पाठांतरावर चालत असे.

या पद्धतीने एक मोठी फेरी मारली आहे. मद्रासजवळच्या एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांच्या शाळेत वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिली आणि तो प्रयोग आपल्या शाळेत केला. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची ही रीत त्यांनी १७९७ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने मांडली. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनीही तशीच व्यवस्था उभारली. तिच्यात बक्षिसे आणि बिल्ले होते, आणि उत्तर चुकले की रांगेतली जागाही जात असे. १८२० च्या दशकात मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने मराठी शाळांसाठी हीच पद्धत उचलून धरली. म्हणजे आपलीच रीत समुद्र ओलांडून परत आली. येताना मात्र 'पहिला नंबर' सोबत घेऊन आली.

नगरपुरते पाहायचे, तर १८३१ मध्ये येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. सिंथिया फरार या १८३९ पासून १८६२ मध्ये निधन होईपर्यंत याच शहरात मुलींच्या शिक्षणासाठी राबल्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. मुलींना तोवर ओसरीतल्या त्या परवच्यात जागाच नव्हती. सामुदायिक म्हणवणाऱ्या उजळणीत 'समुदाय' कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

परवचा आणि नंबर यांच्या मधली एक तिसरी वाट आपल्याकडे होती : भेंड्या. कवितांच्या भेंड्या, गावांच्या भेंड्या. दोन गट, शेवटचे अक्षर, आणि अडलेल्या गटाला वाचवणारा भलताच कोणीतरी. बहुधा मागच्या बाकावरचा, ज्याला मामाच्या गावामुळे 'ळ'ने संपणाऱ्या गावावरही उतारा ठाऊक असतो. भेंड्यांत हुशार मुलाला बाकीच्यांची गरज पडते. हेच तिचे शहाणपण.

आजचे डिजिटल खेळ याच तीन वाटांवर चालताना दिसतात. नॉर्वेत तयार होऊन २०१३ मध्ये आलेल्या 'कहूत'मध्ये पडद्यावर प्रश्न येतो आणि अचूकतेबरोबर वेगालाही गुण असतात. प्रत्येक फेरीनंतर वरचे नंबर झळकतात. लँकेस्टरची रांगच ती. २०१६ मध्ये आलेल्या 'क्विझलेट लाइव्ह'ची मांडणी निराळी. तीन-चार जणांचा गट. प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळे पर्याय, आणि बरोबर उत्तर त्यांतल्या एकाच पडद्यावर. चुकले की गट पुन्हा शून्यावर. त्यामुळे बोलल्याशिवाय, विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. ही भेंड्यांची नात म्हणायला हरकत नाही.

पण इतके फोन कुठून आणायचे? पाथर्डी तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत मी गेल्या वर्षी बसलो, तिथे 'प्लिकर्स'ची छापील कार्डे होती. कार्ड ज्या बाजूने धराल ते उत्तर. बाई एकट्या आपल्या फोनने सारी कार्डे टिपतात. बाईंनी त्यात स्वतःचा नियम घातला होता : चौघांत एकच कार्ड, आणि 'का?' हे चौघांपैकी कोणालाही विचारले जाईल. मग जे कुजबुजणे सुरू झाले, ते परवच्यात मी कधी ऐकले नव्हते. एक मुलगा तिघांना 'पाऊण म्हणजे तीन पाव' हे भाकरीचे तुकडे दाखवावेत तसे हातांनी समजावत होता.

ही शाळा मुद्दाम सांगतो, कारण दिवाळी सरली की तिथली कित्येक घरे ऊसतोडीला निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही साखरशाळेत बसतात, काही कोयत्यामागे जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणाऱ्या मुलाला उजळणी म्हणजे परीक्षेआधीची सवड नसते. सुटलेला धागा पकडण्याची ती एकच संधी असते. त्याला पडद्यावर शेवटचा नंबर दाखवला, तर पुढच्या वर्षी तो कोयताच जवळ करील. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये आपल्या याच जिल्ह्यात, लोणीला उभा राहिला. ज्या उसाने सहकार शिकवला, तो तोडणाऱ्यांच्या मुलांना वर्गात तरी सहकार लाभावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

यंत्र नवे म्हणून उजळणी नवी होत नाही. रणजितसिंह डिसले यांचे क्यूआर कोड परितेवाडीतून निघून पाठ्यपुस्तकांत पोहोचले, याचे कौतुक योग्यच आहे. पण कोडच्या पलीकडे वर्गात कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हे शेवटी शिक्षकच ठरवतो. परवच्यात मला लपता आले, नंबराच्या रांगेत मी उघडा पडलो असतो. त्या शाळेतून निघताना बाईंनी मलाही एका गटात बसवले. प्रश्न पावकीचाच होता. मला उत्तर येत नव्हते. शेजारच्या मुलीने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "आजोबा, आधी निम्मे करा, मग पुन्हा निम्मे."